मस्टर, कन्सल्टंट की सॉफ्टवेअर? लहान कारखानदारासाठी

कारखान्यात दहावा माणूस आला की ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू होतं, विसावा आला की पीएफ. मग प्रत्येक नव्या माणसामागे आधार, पॅन, पासबुकाची झेरॉक्स, नेमणूकपत्र, पीएफचा फॉर्म ११, वारसाची नोंद असे कागद जमत जातात. भोसरीतलं आमचं वर्कशॉप चौदा माणसांचं होतं, आता सदतीस जण आहेत. या काळात मी हे कागद तिन्ही तऱ्हांनी सांभाळून पाहिले.

सुरुवात घरच्या मस्टरने, म्हणजे हाताने लिहायच्या हजेरी-पगाराच्या वहीने झाली. खर्च जवळजवळ नाही आणि कामगाराची सही डोळ्यांसमोर होते. कोण कधी आला, ओव्हरटाइम किती, उचल किती, हे विचारलं की लगेच पान उघडून दाखवता येतं. पण पीएफ आणि ईएसआयचं चलन दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचं असतं. ऑर्डर अंगावर असली की नेमकं तेच राहून जातं. दहाच्या आत माणसं असतील तर मात्र मस्टर पुरतं, उगाच पैसे घालवू नका.

दुसरा मार्ग कन्सल्टंटचा, म्हणजे पीएफ-ईएसआयचं काम बाहेरच्या माणसाकडे देण्याचा. चलन वेळेवर जातं, नोटीस आली तर उत्तर कसं द्यायचं हे त्याला माहीत असतं. अडचण एकच, पण मोठी आहे. आपण जे पाठवू तेवढंच त्याला कळतं. आमच्याकडे एक मुलगा ३ तारखेला रुजू झाला. त्याचं नाव आम्ही सवयीप्रमाणे महिनाअखेरच्या पगारपत्रकासोबत पाठवणार होतो. १९ तारखेला प्रेसमध्ये त्याची दोन बोटं सापडली, आणि तोवर त्याचा ईएसआयचा विमा क्रमांकच काढलेला नव्हता. ईएसआयची नोंदणी रुजू झाल्यापासून दहा दिवसांत व्हायला हवी. दवाखान्याचा सगळा खर्च आम्ही केला, तो करायलाच हवा होता. पण ईएसआयमध्ये उपचारांबरोबर सुट्टीच्या दिवसांचा भत्ता आणि अपंगत्व आलं तर निवृत्तिवेतन असतं. एका कागदाच्या उशिरामुळे हे हक्काचं संरक्षण अडचणीत आलं, हे मला आजही बोचतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: विमा क्रमांक हातात आल्याशिवाय माणूस मशीनवर जात नाही.

सॉफ्टवेअर हिशोबाला पक्कं. थम्ब मशीनची हजेरी थेट पगारात उतरते. व्यवसाय कर पुरुषांना दहा हजारांच्या वर पगार असेल तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, महिलांना पंचवीस हजारांपर्यंत माफ, असल्या बारकाव्यांत ते चुकत नाही. तीन पाळ्या असतील, माणसांची संख्या चाळीसकडे चालली असेल तर घ्याच. पण आधारवर 'संजय' आणि पॅनवर 'संजयकुमार' असेल तर ते कुणीतरी समोर बसूनच सोडवायचं असतं. ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या मुलाला हे जमत नाही, त्याच्याजवळ बसावं लागतं. शिवाय वर्गणी थांबली की जुन्या नोंदी अडकू शकतात. म्हणून दर महिन्याचं पगारपत्रक पीडीएफ करून आपल्याकडे उतरवून ठेवा.

दहा ते तीस माणसं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: चलनाला कन्सल्टंट, आणि प्रत्येक माणसाची मूळ फाइल आपल्या कपाटात, कुलपात. नव्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि नेमणूकपत्र सगळ्याच कामगारांना देणं बंधनकारक झालं. त्याची सही केलेली प्रत याच फाइलमध्ये हवी. आधारच्या झेरॉक्स व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरवू नका. कामगाराने त्या आपल्यावर विश्वास ठेवून दिलेल्या असतात.

आणि कन्सल्टंट ठरवण्याआधी त्याला विचारा, पीएफ-ईएसआयच्या पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा टाकणार? ते आपलेच असू द्या, डिजिटल सहीही आपल्याच ड्रॉवरमध्ये ठेवा. उद्या कन्सल्टंट बदलायची वेळ आली तर पासवर्डसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागणार नाही.