जिनिंगला क्लाउड की ऑफिसातला सर्व्हर? एक हंगाम आणि एक उन्हाळा वापरल्यावर

विदर्भातल्या तालुक्याच्या गावची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणारा कारखाना. कॉम्प्युटरवर सहा जण, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅलीप्राइम, वजनकाटा, आठ कॅमेरे. ऑक्टोबर ते सप्टेंबर दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या. निकाल आधीच सांगून टाकतो: काटा नि कॅमेरे जागेवर ठेवा, हिशेब क्लाउडवर (नेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर) न्या. सगळं एकाच ठिकाणी कोंबायला गेलात तर पस्तावाल.

आधी काटा. वजन दाखवणारा इंडिकेटर सिरीयल केबलवरून आकडा पाठवतो, बहुधा २४०० किंवा ९६०० बॉडच्या वेगाने. तो शेजारच्या पीसीनेच वाचावा. रिमोट डेस्कटॉपमधून (दूरचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर चालवायची सोय) कॉम पोर्ट, म्हणजे सिरीयल केबलची जोडणी, क्लाउडवर नेता येतो, पण नेट जरा अडखळलं की आकडा गोठतो आणि मागे कापसाच्या गाड्यांची रांग लागते. कास्तकार ‘नेट नाही’ हे कारण ऐकून घेत नाही, आणि का घ्यावं? दुसरी नेहमीची भानगड सिरीयल केबल पीसीला जोडणाऱ्या यूएसबी कन्व्हर्टरची. झाडलोट करताना कोणी तो काढून दुसऱ्या पोर्टात खोचला की कॉम ३ चा कॉम ५ होतो, वजन येईनासं होतं आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. पोर्टशेजारी रंगाचा ठिपका लावून ठेवा. काटापट्टी तिथेच छापायची, नोंदी दर १५ मिनिटांनी क्लाउडवर पाठवायच्या.

काट्याच्या खोलीपासून ऑफिसापर्यंत तांब्याची लॅन केबल ओढू नका. १०० मीटरची मर्यादा आहेच, पण खरी भीती जूनमधल्या विजांची. जवळ वीज पडली की त्याच केबलवाटे स्विच आणि सर्व्हरचा पोर्ट दोन्ही जातात. वीज न वाहणारी काचेची फायबर टाका, दोन्ही टोकांना ती लॅनला जोडणारे मीडिया कन्व्हर्टर.

ऑफिसातल्या सर्व्हरचा शत्रू व्हायरस नंतर, आधी रुई. तंतू पुढच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात, हवा अडते, पंखे किंचाळायला लागतात. हंगामात दर आठवड्याला मशीन बंद करून ब्लोअर मारा; मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर उलटा भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. बहुतेक सर्व्हर आत जाणाऱ्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५. त्यावर कूलर हा उपाय नाही. त्याच्या झोतात ओल नि क्षार दोन्ही येतात, कनेक्टर हिरवे पडतात. म्हणजे एसी आला. १२० वॅटचा सर्व्हर महिन्याला ८६ युनिट खातो, एसीचे वेगळे.

यूपीएसमध्ये ७ एएचच्या (अँपिअर-अवर) तीन बॅटऱ्या असतील तर नव्या असताना १५० वॅटवर अर्धा-पाऊण तास मिळतो. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाला तर यूपीएसचा उपयोग फक्त नीट शटडाऊन करण्यापुरता. अर्थिंगकडे कोणी बघत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडभोवती पोकळी पडते. न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज ३ च्या वर दिसलं की आधी खड्ड्यात पाणी ओता, मग यूपीएसवाल्याला फोन लावा.

आता क्लाउड. मुंबईतल्या डेटासेंटरमध्ये विंडोज सर्व्हर घेऊन त्यावरच टॅली चालवायचं आणि रिमोट डेस्कटॉपने जोडायचं. ऑफिसातल्या पीसीवर टॅली ठेवून त्याची दूरची फाइल व्हीपीएनवरून (नेटवरच्या खाजगी जोडणीतून) उघडू नका. लाइन तुटली की डेटा बिघडतो. रिमोट डेस्कटॉपमध्ये नेट गेलं तरी सेशन तिकडे जिवंत राहतं, जोडल्यावर अर्धवट व्हाउचर तसंच समोर येतं. ४जीवरसुद्धा काम होतं. त्रास फक्त छपाईत, म्हणून पीडीएफ काढून इकडे छापणं बरं.

बिल तासावर असतं. महिनाभर चालू ठेवलं तर ७२० तास. रोज १३ तास, २६ दिवस धरले तर ३३८. एप्रिलनंतर क्लाउडवर लहान मशीन पुरतं, ही हंगामी धंद्याला मोठी सोय. पण मशीन बंद असलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं, आणि एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) १ फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचे (सर्व्हरचा इंटरनेटवरचा नंबर) तासाला ०.००५ डॉलर घेते. विकणारा आणखी एक गोष्ट हळूच गाळतो: एकावेळी दोनपेक्षा जास्त जण रिमोटवर काम करणार असतील तर आरडीएस (रिमोट डेस्कटॉपचं मायक्रोसॉफ्टचं) लायसन्स लागतं, तेही माणशी. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका, वायरगार्ड या व्हीपीएनच्या आत घ्या. अशा उघड्या पोर्टातून रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरतं, आणि कायम जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्कही त्यासोबत जाते.

कॅमेरे क्लाउडवर नेण्याचा नाद सोडा. आठ कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस, म्हणजे दिवसाला सुमारे १७३ जीबी. ४ टीबीच्या एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग जागेवरच साठवणारा डबा) २३ दिवस बसतात.

रात्रीच्या बॅकअपचं गणितही आधीच करा. १० एमबीपीएस अपलोडवर २ जीबी जायला सुमारे २७ मिनिटं, दीडवर तीन तास. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली तर चुकारे (शेतकऱ्यांचे पैसे) अडतात, म्हणून दोन वॅनचा (दोन इंटरनेट लाइन जोडता येणारा) राउटर घ्या आणि दुसऱ्या कंपनीचं सिम टाका. महिन्यातून एकदा फायबरची वायर हाताने काढून बघा. सिमचा रिचार्ज संपलेला असतो, तो नेमका तेव्हाच कळतो.