साताऱ्यातील केमोथेरपी डे-केअर केंद्र : बारा फेऱ्यांचा अनुभव

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर, दर दोन आठवड्यांनी एक अशा केमोथेरपीच्या 12 फेऱ्या मी साताऱ्यातील एका डे-केअर केंद्रात घेतल्या. येथील परिचारिका अत्यंत दक्ष आहेत. ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधामुळे गार पाण्याच्या स्पर्शानेही बोटांना मुंग्या येतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पत्नीला बजावल्यामुळे घरचा फ्रिज उघडण्याची मला कायमची बंदी झाली. पुढील औषधाचा छोटा पंप कमरेला लावून 46 तास घरी राहता येते, ही सोय फार मोलाची आहे.

बिलाच्या खिडकीवर मात्र तासभर ताटकळावे लागते आणि सोबत आलेल्यांसाठी पुरेशा खुर्च्या नाहीत. ही उणीव मला विशेष खटकली, कारण यवतेश्वर घाटात माझ्याबरोबर हिल मॅरेथॉनचा सराव करणारे मित्र पाळ्या लावून येत आणि बिचारे जिन्यातच बसून राहत. रक्तातील पांढऱ्या पेशी घटून संसर्गाची भीती असलेल्या आठवड्यांत ते मास्क लावून दारातूनच विचारपूस करीत. डॉक्टरांनी झेपेल तेवढे चालण्यास सांगितल्यावर मुलगा आणि हीच मंडळी मला बोगद्यापर्यंत नेऊ लागली. तळपायांची बधिरता अद्याप गेलेली नाही. नव्या रुग्णांनी शक्यतो सकाळी लवकर जावे. खिडकीजवळची खाट मिळते.