तीन वर्षांच्या मुलाला कुठे घालायचं : अंगणवाडी, निसर्गशाळा की नर्सरी?

तालुक्याच्या ठिकाणी किंवा शहरालगतच्या गावात राहत असाल, तर मूल तीन वर्षांचं होता होता तीन दारं समोर असतात. गल्लीतली सरकारी अंगणवाडी, दारात व्हॅन पाठवणारी इंग्रजी माध्यमाची नर्सरी, आणि अलीकडे गावाबाहेर प्लॉट घेऊन निघालेल्या निसर्गशाळा. या शेवटच्या ठिकाणी झाडं, चिखल-मातीत खेळायचं लुटुपुटीचं स्वयंपाकघर, दोन शेळ्या, आणि फी ऐकून गप्प झालेले बाबा. मूल माती-पाण्यात वाढावं आणि त्यात घरच्यांचा, आळीचाही हात असावा असं वाटत असेल, तर या तिन्हींकडे कसं बघावं त्याबद्दल हे.

नर्सरीचं आधी उरकून टाकू. भिंतीवर छापील फुलपाखरं, आणि जूनपासून हातात पेन्सिल. 2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळावर आणि घरच्या भाषेवर भर देतो. पण दिवाळीपर्यंत ए टू झेड लिहिता आलं नाही तर पालकच तक्रार घेऊन जातात, त्यामुळे एकट्या शाळेला दोष देण्यात अर्थ नाही. नर्सरीचा एक फायदा मात्र खरा आहे. पुढे ज्या शाळेत घालायचं ठरवलंय, तिथल्या पहिलीच्या जागा स्वतःच्या केजीतूनच भरत असतील, तर तो मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. आधी तिथे जाऊन विचारून या.

खरी तुलना उरलेल्या दोघींची. निसर्गशाळांच्या माहितीपत्रकात डेन्मार्क आणि जर्मनीच्या वनबालवाड्यांचे दाखले असतात, आणि ते खोटे नाहीत. डेन्मार्कमध्ये 1950 च्या दशकात ही कल्पना रुजली, जर्मनीत 1993 मध्ये फ्लेन्सबुर्गच्या वनबालवाडीला सरकारी मान्यता मिळाली. पण त्याच्याही आधी, 1945 साली बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या होत्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. खडे, पानं, बिया, शिंपले हीच साधनं. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलींना शाळा कशी जमणार? म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. घरच्यांचा दिवस कसा जातो हे आधी पाहून शाळेची घडी बसवलेली होती. घरच्यांचा सहभाग तपासायला माझ्या मते हीच मोजपट्टी लावावी.

ती लावली की निसर्गशाळा बऱ्याचदा तोकडी पडते. वर्षातून एकदा ग्रँडपेरेंट्स डे, आजी-आजोबांना फेटे, फोटो, समोसा, संपलं. शिवाय दहा-बारा किलोमीटरवरून व्हॅनने आलेली मुलं दुपारी दहा दिशांना पांगतात. सकाळी जिच्याबरोबर चिखल कालवला ती मैत्रीण संध्याकाळी खेळायला नसते.

आता अंगणवाडी. आमच्या भागातल्या एका अंगणवाडीत सकाळी गेलं तर ताई पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये माहिती भरत असतात, रेंज येत नाही म्हणून फोन खिडकीशी धरून. मुलं चटईवर चिंचोक्यांशी खेळत असतात, कुणाचं फारसं लक्ष नसताना. पण नातवाला सोडायला आलेली एक आजी तिथेच वालाच्या शेंगा सोलायला बसली, तर चार मुलं तिच्याभोवती सरकली. एकाने टरफलं लांबीप्रमाणे मांडायला घेतली, दुसरीने किडकी शेंग शोधून अळी सगळ्यांना दाखवली, आणि आजीने त्या अळीचं मालवणीतलं नाव सांगितलं. निसर्ग, मोजमाप, भाषा, शेजार, सगळं त्यात आलं, आणि कुणी आखलेलं नव्हतं. अडचणही तीच आहे: आजी आली नाही त्या दिवशी यातलं काही होत नाही.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे हळूहळू अंगणवाडी देशभर पोचली. सोबत वजन-उंची, लसीकरण, गरम आहार, गरोदर बायकांच्या नोंदी हेही आलं. ही कामं मोलाचीच आहेत, पण करणारी बाई एक आणि हाताशी मदतनीस एक. शाळापूर्व शिक्षणाचा वेळ इथूनच कापला जातो.

चांगल्या निसर्गशाळेत नेमका हाच वेळ विकत मिळतो. अशा एका ठिकाणी एक मुलगा चरातल्या पाण्यात पळसाचं पान सोडत होता. पान अडायचं, तो काडीने मोकळं करायचा, पुन्हा अडायचं. ताई शेजारी उकिडव्या बसून होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. ‘हा कोणता रंग, बेटा?’ असं न विचारणं शिकावं लागतं. फीचे पैसे शेळ्यांवर जातात की अशा ताईंवर, ते बघा. बालसंगोपन आणि बालशिक्षणाच्या 2013 च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वयाच्या 20 मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण दिलंय. उघड्यावर, विहीर किंवा ओढा जवळ असेल तर त्याहून जास्त माणसं हवीत. साप-विंचवाचं काय करता, हेही विचारा. ‘आमच्याकडे निघतच नाहीत’ असं उत्तर आलं तर चपला घाला.

माझा कौल? घरी आजी-आजोबा असतील किंवा आई-बाबांपैकी एकाला सकाळी तासभर काढता येत असेल, तर अंगणवाडीत घाला आणि स्वतःही जात राहा. परसबागेला हात लावा, आजीला गोष्ट सांगायला बसवा. ताईंनाही ते हवंच असतं, फक्त आगाऊपणा नको. ‘तिथे तसली मुलं येतात’ हे कारण मनात असेल तर ते निदान स्वतःशी कबूल करा. चिखलात खेळवायचं पण वस्तीतल्या मुलांबरोबर नको, असला निसर्ग मला कळत नाही. दोघंही सहापर्यंत कामावर आणि घरी कुणी नाही, तर अर्ध्या दिवसाची अंगणवाडी पुरणार नाही. मग जवळची, पाळणाघर असलेली निसर्गशाळा बघा. ‘जवळची’ हे महत्त्वाचं. रोज पाऊण तास व्हॅनमध्ये बसून झाडाखाली पोचण्यापेक्षा घराजवळची साधी बालवाडी आणि संध्याकाळची टेकडी बरी.

बघायला शक्यतो जुलैत जा. प्रवेशाच्या घाईत मार्चमध्येच जावं लागलं, तर गेल्या जुलैतलं वेळापत्रक मागा, आणि तिथल्या एखाद्या आईला व्हॅनच्या थांब्यावर गाठून विचारा, पावसाळ्यात मूल घरी येतं तेव्हा कपडे कसे असतात.