मरीन सांगून कमर्शियल प्लाय गळ्यात मारलं, गाडीत ड्रॉवर करणाऱ्यांनी आधी हे वाचा

गाडीत कॅम्पिंगसाठी ड्रॉवर करायचं कुणाच्या डोक्यात असेल तर प्लाय आणायला जायच्या आधी हे वाचा. माझे पैसे तर गेलेच, पण दोन महिन्यांचे सगळे रविवार पण गेले आणि त्याचा राग जास्त आहे.

आमची जुनी स्कॉर्पिओ, फोर बाय फोर. मागच्या जंप सीट काढून तिथं दोन ड्रॉवर बसवायचे, एकात शेगडी, भांडी, शिधा, दुसऱ्यात हवेचा पंप, दोर, पाने, आणि वर गादी टाकून झोपायचं असा प्लॅन होता. मी आणि मेव्हण्यानं पुठ्ठे कापून मापं घेतली. १८ एमएमनं उगाच वजन वाढतं म्हणून १२ एमएम ठरवलं, आणि पाण्यापावसात जायचं तर मरीनच, म्हणजे पाण्यात टिकणारं, आयएस ७१० मानकाचं प्लाय.

सोलापुरातल्याच एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही. माणूस बोलायला एकदम गोड. शीट उभी करून शिक्का दाखवला, आयएसआय मार्क, ७१०, लायसन्स नंबर, सगळं. मी तिथंच उभं राहून बीआयएस केअर या आयएसआय मार्क तपासायच्या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर तो पण खरा निघाला. चौरस फुटाला ९८ रुपये, ३ शीटचे ९६ चौरस फूट, ९,४०८ रुपये झाले. मग म्हणतो, "साहेब, घरी नेऊन कुठं कापत बसता, मापं लिहून द्या, मशीनवर कापून ठेवतो, कटिंगचे पैसे नको, संध्याकाळी घेऊन जावा." मला तेव्हा त्याचे उपकार वाटले ओ, आणि फसलो ते इथंच.

संध्याकाळी गेलो तर तुकडे सुतळीनं बांधून तयार, शिक्क्याचा मोठा तुकडा बरोबर सगळ्यात वर. कापल्यावर प्रत्येक तुकड्यावर शिक्का येणार नाही हे आपल्यालाही पटतंच ना, त्यामुळं बाकीचे कोरे बघून शंका आली नाही. काहींच्या कडा फिकट दिसत होत्या, विचारलं तर म्हणाला लाकूड आहे, रंग कमीजास्त असतोच. एक शीट खरी होती आणि बाकीचा माल कमर्शियल, म्हणजे साधं, पाण्यात न टिकणारं प्लाय, हे कळायला जुलै उजाडला.

एप्रिल-मेमध्ये नळदुर्ग, उजनी करून आलो, काहीही झालं नाही. आपल्याकडच्या उन्हात होणार तरी काय. जुलैत आंबोलीला गेलो, रात्रभर पाऊस, ओली ताडपत्री घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलेली आणि त्यात २० लिटरच्या कॅनचा नळ थेंब थेंब गळत होता. सकाळी डावा ड्रॉवर निघेचना. शेगडी आत, पोरगी दुधासाठी रडतीय, आणि आम्ही दोघं पाय लावून ओढतोय. शेवटी निघाला तो नुसती पुढची फळी हातात आली, चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती लोखंडी पट्टी, आतच राहिलं. स्क्रू जिथून उपटले त्या भोकात ओला भुसा होता. कडेला नख घातलं तर वरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला, आणि आतल्या थरांत फटी, काही फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. चॅनल मात्र ४५ किलोचे घेतले होते ते अजून ठणठणीत आहेत.

घरी आल्यावर शिक्क्याचा एक तुकडा आणि कोरा एक, दोन्ही एकाच पातेल्यात उकळायला ठेवले. कोरा अर्ध्या तासात फुगून पुस्तकासारखा उघडला, शिक्क्याचा चार तासांनी पण होता तसाच. ७१० चं प्लाय टेस्टला ७२ तास उकळतात, त्याला चार तासांचं काय. कमर्शियल म्हणजे एमआर ग्रेड, ते कोरड्या खोलीतल्या कपाटाला ठीक आहे, गाडीत नाही.

दोन्ही तुकडे घेऊन दुकानात गेलो तर तोच गोड माणूस म्हणतो हे आमच्याकडचं कशावरून, आणि बिल काढून बघितलं तर कच्चं, त्यावर "प्लाय १२ एमएम ३ नग" एवढंच. मरीन नाही, ७१० नाही, कंपनी नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही, पण मी पैसे मरीनचे दिले हे दाखवायला माझ्याकडं कागदच नाही.

परवा दुसरीकडून नवीन प्लाय आणलं. पक्कं जीएसटी बिल, त्यावर ग्रेड आणि लायसन्स नंबर लिहून घेतला, आणि अख्ख्या शीट छोट्या हत्तीतून घरी आणून गच्चीवर स्वतः कापल्या. दुकानातच कापून घ्यायचं असेल तर कापायच्या आधी प्रत्येक शीटवर दोन्ही बाजूंनी, जिथं जिथं तुकडा पडणार तिथं, मार्करनं सही करा आणि मशीनपाशी उभे राहा, दोन तास गेले तरी चालतील.

उकळलेले दोन्ही तुकडे जपून ठेवलेत. सोलापुरात कुणी प्लाय घ्यायला निघालं असेल तर आधी घरी या, हातात घेऊन बघा, मग दुकानात जावा.