सायलेन्सर खडखडतोय: टाका मारून घ्यावा की नवा बसवावा?

गाडीखालून खडखड सुरू झाली की गॅरेजमध्ये दोन सल्ले हमखास मिळतात. ‘टाका मारून देतो’ किंवा ‘अख्खा सायलेन्सरच बदला’. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून पैशांचं बोलण्याआधी आवाज नेमका कुठून येतोय ते शोधा.

गाडी रात्रभर उभी राहून पाइप पूर्ण गार झाला, की हातमोजा घालून तो मुठीने ठोकत जा. गाडी नुसत्या जॅकवर असेल तर मात्र खाली शिरू नका. पातळ, झणझणीत आवाज आला तर पाइपभोवतीचा हीट शील्डचा पत्रा सुटलाय. एसी लावून सिग्नलला उभं असताना हा आवाज जास्त येतो आणि ॲक्सिलरेटर दिला की बंद होतो. गतिरोधकावर धप्पकन आदळत असेल तर सायलेन्सर लटकवणारे रबर गेलेत. हे दोन्ही दोष स्वस्तात सुटतात: रबर बदलायचे आणि पत्रा स्टेनलेस स्टीलच्या मोठ्या होज क्लॅम्पने आवळायचा. काही मेकॅनिक पत्रा उपटूनच टाकतात. तसं करू देऊ नका, कारण जवळच्या वायरी, नळ्या आणि गाडीचा तळ यांना पाइपच्या उष्णतेपासून वाचवायलाच तो असतो.

खरा प्रश्न सायलेन्सरच्या डब्याचा. भोक जोडावर किंवा पाइपला पडलं असेल आणि आजूबाजूचा पत्रा ठणठणीत असेल, तर वेल्डिंग उत्तम. पैसे वाचतात आणि काम बरीच वर्षं टिकतं. पण स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा दबत असेल, पापुद्रे निघत असतील, तर टाका धरणार कशाला? आज एक भोक बुजेल, पुढच्या पावसाळ्यात शेजारी दुसरं पडेल. डबा हलवल्यावर पोटातून खळखळ आली तर आतली पार्टिशनं सुटलीत. तिथे बाहेरून वेल्डिंग करून काहीच साधत नाही, नवाच घ्या.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत बाहेरून गंज चढतो. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत डबा नीट तापत नाही, पाणी आतच साचतं आणि तो आतून कुजतो. सीएनजी जळताना पेट्रोलपेक्षा जास्त पाण्याची वाफ तयार होते, त्यामुळे अशी सीएनजी गाडी असेल तर माझा कल नव्या डब्याकडे. शिवाय बऱ्याच गाड्यांत डिकीतला सिलिंडर सायलेन्सरच्या वरच असतो. टाका मारायचाच असेल तर सायलेन्सर खाली उतरवूनच मारायला सांगा, गाडीला लावलेला असताना नको.

गळती मात्र अंगावर काढू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो केबिनमध्ये शिरू शकतो.

खळखळ पुढे, इंजिनजवळच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यातून) येत असेल तर हिशोबच बदलतो. आतली सिरॅमिकची जाळी फुटलेली असते. तुकडे अडकले तर पिकअपही पडतो. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, म्हणून किंमत डोळे फिरवते. मग कुणीतरी सुचवतं, ‘आतलं काढून रिकामा करू.’ स्वस्त दिसतो, पण सगळ्यात वाईट पर्याय हाच. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस 6 (धुराच्या सरकारी मानकाचा सहावा टप्पा) गाडीत कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर हे पकडतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. विषारी धूर तसाच बाहेर जातो, पीयूसी अडू शकते आणि मोटार वाहन कायद्यात प्रदूषणासाठी पहिल्या गुन्ह्यालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

उरतात दोन पर्याय: कंपनीचा कन्व्हर्टर किंवा बाजारातला दुसरा. गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल तर कंपनीचाच घ्या. बाजारातला घेतलात तर तो तुमच्या इंजिनासाठी आणि बीएसच्या टप्प्यासाठीच बनलाय का, हे बिलावर लिहून घ्या. आणि नवा बसवण्यापूर्वी इंजिन मिसफायर करतंय का, ते तपासायला लावा. स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब राहिली तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि नवी जाळीही तशीच वितळते.