गाडीच्या बर्फसाखळ्या: मनालीला निघायच्या आधी अंगणात बसवून बघा

छोट्या गाडीसाठी ऑनलाइन मागवलेल्या लोखंडी बर्फसाखळ्यांच्या, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्यांच्या, जोडीबद्दल लिहितोय. जानेवारीत जालन्याहून मनालीला स्वतःची गाडी घेऊन गेलो. सोबत आई, ताई आणि दाजी. नायलॉनचे पट्टे स्वस्तात मिळत होते, पण मी लोखंडच घेतलं. सळईच्या कारखान्यात नोकरी करतो, त्यामुळं पार्सल उघडल्याबरोबर आधी कड्या तपासल्या. प्रत्येक कडीचा जोड नीट वेल्ड केलेला, कुठं फट नाही, वजनाला भरीव. माल चांगला आहे.

मागवताना टायरच्या कडेवर छापलेला आकडा डोळ्यांत तेल घालून बघा. आमचा १८५/६५ आर १५ आहे. डब्यावर तोच पाहिजे. सैल साखळी फिरताना ब्रेकच्या पाइपला फटके मारते.

सोबतचा कागद मात्र कामाचा नाही. बारीक इंग्रजी, त्याहून बारीक चित्रं. दाजी म्हणाले, "तिथं गारठ्यात बोटं चालायची नाहीत, हितंच शिकून घेऊ." मग रविवारी अंगणात भर उन्हात साखळ्या चढवल्या, काढल्या, परत चढवल्या. नंतर हातमोजे घालून, आणि रात्री मोबाइलच्या उजेडात. साखळी चाकामागून सरकवायची, आतल्या बाजूचा हूक आधी, बाहेरचा नंतर, मग ताण द्यायचा. मी या साखळ्यांना जे गुण देतोय, त्यातले निम्मे त्या रविवारचे आहेत.

बर्फ पडला की मनालीपुढं सोलंगच्या बाजूला पोलीस फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या) नाहीतर साखळ्या लावलेल्याच गाड्या सोडतात. रस्त्याकडेला लोक वाकून कागद वाचत होते. आम्ही सपाट जागा बघून पुढच्या दोन्ही चाकांवर साखळ्या चढवल्या. आमच्या गाडीत इंजिनचा जोर पुढच्या चाकांना जातो, म्हणून पुढंच. थोडं अंतर जाऊन उतरलो आणि पुन्हा ताणल्या, कारण चाकं फिरली की त्या हमखास ढिल्या पडतात.

चढावर पकड लई भारी. खरी परीक्षा उतारावर. मागची चाकं उघडीच असतात. ब्रेक जोरात दाबला की गाडीची शेपूट आडवी व्हायला बघते. म्हणून पहिला गिअर, क्लचवर पाय नाही, इंजिनालाच गाडी अडवू द्यायची. वेग तिशीच्या आत. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवलं की मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू द्या. माझ्या मागच्या सीटवर आई बसली होती.

सावलीतली वळणं आणि पूल यांना सगळ्यात जास्त जपा. तिथं रस्ता नुस्ता ओला दिसतो, पण चाकाखालून पाणी उडाल्याचा आवाज आला नाही तर तो पारदर्शक बर्फ समजायचा. त्यावर साखळीची पकडही कमी पडते. स्टिअरिंगला झटका नाही, ब्रेकला तर अजिबात नाही.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, आत रस्ता कोरडा. बोगद्याच्या अलीकडं रस्ता साफ मिळाला, तिथंच साखळ्या काढल्या. कोरड्यावर कड्या झिजतात, तुटतातसुद्धा. बोगद्यात थांबायला मनाई आहे, त्यामुळं हे काम बाहेरच उरका. पलीकडं सिस्सूच्या बाजूला पुन्हा चढवल्या, तेव्हा दाजी आणि मी एकमेकांना काही सांगावंसुद्धा लागलं नाही.

तक्रारी दोन. सोबतचे हातमोजे पातळ कापडी, ओले झाले की बोटं बधिर; जाड रबरी वेगळे घ्या. पिशवीची चेनही लगेच तुटली. भाड्यानं मनालीतही साखळ्या मिळतात, पण मी बघितल्या त्या बऱ्याच झिजलेल्या होत्या.

आणि साखळ्या घेतल्या म्हणून रेडिएटर विसरू नका. आपल्याकडं उन्हाळ्यात त्यात साधं पाणी ओतत राहतात. ते गोठून फुगलं तर इंजिनाला तडा जातो. निघायच्या आधी मेकॅनिककडून कूलंट बदलून घ्या.

परत आल्यावर साखळ्या धुऊन, उन्हात कोरड्या करून तेलाचा हात फिरवा. आमच्या पुढच्या हिवाळ्यासाठी तयार आहेत.