डिझाइन सॉफ्टवेअरच्या क्लासला ‘लायसन्स फी’ भरण्याआधी हे वाचा

मेकॅनिकलची डिग्री किंवा डिप्लोमा हातात आहे, नोकरी अजून नाही, अशा कोकणातल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी हे लिहितोय. कॅड (संगणकावर यंत्रभागांचं डिझाइन) आणि सिम्युलेशन (तो भाग भार सोसेल का याची संगणकावरची चाचणी) शिकवून ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ देतो असं सांगणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या एका क्लासने माझ्यासकट अख्ख्या बॅचला फसवलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. तसंही असे लोक पाटी बदलून दुसऱ्या तालुक्यात दुकान मांडतात, त्यामुळे नावापेक्षा त्यांची पद्धत कळणं जास्त गरजेचं आहे.

आमच्याकडे कारखान्यातली नोकरी म्हटलं की लोटे-परशुरामची रसायनांची एमआयडीसी नाहीतर रत्नागिरीची मिरजोळे. तिथे प्रॉडक्शन आणि मेंटेनन्सची कामं मिळतात, पण डिझाइनच्या जागा बहुतेक पुण्याकडे. मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न येतो, कोणतं सॉफ्टवेअर येतं? कॉलेजमध्ये ऑटोकॅड हाताखालून गेलेलं असतं, सिम्युलेशनची दोन-चार प्रॅक्टिकल झालेली असतात, तेवढ्यावर निभाव लागत नाही. ही अडचण खरी आहे आणि क्लासवाल्यांनी नेमकी तीच हेरली. त्यांनी आम्हाला फोन केलेच नाहीत, थेट वडिलांना केले. तेही मे महिन्याच्या शेवटी, आंब्याचा हिशोब होऊन घरात चार पैसे आलेले असतात तेव्हा. “काका, मुलगा इंजिनिअर होऊन लोट्याला हेल्परच्या पगारावर राबणार का? आमच्याकडून तो थेट पुण्याला लागेल.” बाबांना हे वाक्य लागलं. कोणत्याही बापाला लागेल.

कोर्सची फी ६५,००० रुपये. त्याशिवाय ‘इंटरनॅशनल सॉफ्टवेअर लायसन्स’ म्हणून १२,००० रुपये वेगळे, तेही रोख. या १२,००० बद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण फसवणुकीचा सगळ्यात उघड पुरावा त्यातच होता. क्लासमध्ये ॲन्सिस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर उघडलं की चित्राच्या कोपऱ्यात आवृत्तीच्या नावापुढे ‘स्टुडंट’ असा शब्द दिसायचा. ही विद्यार्थी आवृत्ती कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट देते. तिच्यात मॉडेलच्या नोड्स-एलिमेंट्सवर (गणितासाठी मॉडेलचे जे बारीक तुकडे पाडतात त्यांच्या संख्येवर) मर्यादा असते आणि ती फक्त शिकण्यासाठी वापरायची असते, पण नवशिक्याला ती पुरून उरते. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीचंही तसंच. विद्यार्थी असल्याचा पुरावा दिला की ऑटोकॅड, फ्यूजन वगैरे एक वर्षासाठी मोफत मिळतं आणि शिकत असेपर्यंत दरवर्षी वाढवून घेता येतं. म्हणजे जे आम्हाला घरबसल्या फुकट मिळत होतं, त्याचेच बॅचमधल्या प्रत्येकाकडून १२,००० घेतले. बाकीची सॉफ्टवेअर तर क्रॅक केलेली होती. “इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर लायसन्स उडेल,” असं तिथला शिकवणारा बजावायचा. विकत घेतलेलं लायसन्स असेल तर असं लपूनछपून चालवावं लागत नाही.

याहून वाईट प्रकार हप्त्यांचा. “एकदम नको, महिन्याला थोडे थोडे भरा,” असं म्हणून काउन्सेलर मॅडमनी बाबांचं आधार आणि पॅन मागितलं, त्यांचाच मोबाइल हातात घेतला आणि “ॲडमिशन कन्फर्म करायला ओटीपी येईल, तो सांगा,” म्हणाल्या. तो ओटीपी कर्जाच्या मंजुरीचा होता. एका वित्तसंस्थेने बाबांच्या नावावर कर्ज काढून सगळी रक्कम क्लासच्या खात्यात एकरकमी जमा केली. कागद ईमेलवर इंग्रजीत आले, आणि बाबा ईमेल बघत नाहीत हे त्या मॅडमना पक्कं ठाऊक होतं. आता क्लासने शिकवो न शिकवो, हप्ता बाबांच्या खात्यातून जातोच, कारण कर्ज बाबांचं आहे. हे प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं: रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा कर्जाआधी मुख्य माहितीचं पत्रक द्यावंच लागतं, त्यात वर्षाचा एकूण व्याजदर लिहावा लागतो, आणि डिजिटल कर्जात ‘कूलिंग ऑफ’ची मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं की दंड न भरता कर्जातून मोकळं होता येतं. मुदत छोटी असते, म्हणून सही किंवा ओटीपी झाला त्याच दिवशी कागद वाचा. मुलाला घरी बसवून मोठ्याने वाचून घ्या.

शिकवणं कसं होतं? पाठ केलेली बटणं. इथे क्लिक, तिथे क्लिक, शेवटी लाल-निळं चित्र, की झालं ॲनालिसिस. कुठल्या टोकाला काय बांधलं आणि का, हे विचारलं की “ते ॲडव्हान्समध्ये येईल,” असं उत्तर. प्रोजेक्ट म्हणून सगळ्यांना एकच ब्रॅकेट आणि एकच रिपोर्ट, वरचं नाव तेवढं बदललेलं. मी तो घेऊन चाकणच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो. मुलाखत घेणाऱ्या सरांनी फाइल उघडली आणि डावीकडच्या यादीकडे बोट दाखवलं. स्वतः मॉडेल केलं असेल तर तिथे स्केच, एक्स्ट्रूड, फिलेट असे टप्पे ओळीने दिसतात. माझ्या फाइलमध्ये एकच ओळ होती: ‘इम्पोर्टेड १’. म्हणजे ते ब्रॅकेट कुठून तरी उतरवलेलं होतं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “इथे आतल्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त स्ट्रेस दाखवलाय. मेश बारीक केल्यावर तो किती बदलला?” स्ट्रेस म्हणजे धातूत आतून येणारा ताण, आणि मेश म्हणजे मॉडेलच्या त्या तुकड्यांची जाळी. क्लासमध्ये ती बारीक करून पाहायला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तिथेच मेश दोनदा बारीक केली. आकडा दोन्ही वेळा चढला. गोलाई न दिलेल्या टोकदार आतल्या कोपऱ्यात तो असा चढतच राहतो, त्या आकड्याला काही अर्थ नसतो. त्या सरांनी वेळ काढून हे समजावलं, याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी राहीन. क्लासच्या संपूर्ण कोर्समध्ये एवढं कुणी समजावलं नव्हतं.

म्हणून डेमो लेक्चरला जाल तेव्हा एकच गोष्ट करायला सांगा. एक मीटर लांब, ५० बाय ५० मिलिमीटर जाडीची पोलादी कांब, एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला १,००० न्यूटन भार. हाताने गणित केलं तर टोक ३.२ मिलिमीटर खाली जातं आणि पक्क्या टोकाजवळ बेंडिंग स्ट्रेस ४८ मेगापास्कल येतो. सॉफ्टवेअरमध्ये हेच करून दाखवा म्हणावं, आणि उत्तर जुळलं की नाही ते कसं ओळखायचं तेही विचारावं. ज्याला शिकवता येतं तो खुशीने दाखवेल. आमच्या क्लासमधला शिकवणारा आधीच्या बॅचचाच, नोकरी न लागलेला मुलगा होता. त्याच्यावर माझा राग नाही, तोही याच जाळ्यात सापडलेला.

सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का होता आणि क्यूआर कोडही. कोड स्कॅन केला की क्लासचंच पान उघडायचं. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरची सीएसडब्ल्यूए ही परीक्षा ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे तीच घेते, आणि त्या प्रमाणपत्राचा क्रमांक ऑनलाइन पडताळता येतो. आमचा कागद फक्त क्लासचा होता. प्लेसमेंट म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या, कुणालाही दिसणाऱ्या नोकरीच्या जाहिराती. पावतीवर ‘प्रशिक्षण शुल्क’ एवढंच, नोकरीचा शब्दही नाही. रोख १२,००० ची तर पावतीच दिली नाही.

पैसे न भरताही बरंच शिकता येतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून ओपनफोम (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं सिम्युलेशन) आणि डीडब्ल्यूसिम यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचं साहित्य मिळतं. लोट्यासारख्या रासायनिक पट्ट्यात काम करायचं असेल तर डीडब्ल्यूसिम जरूर बघा, ते प्रोसेस सिम्युलेशनसाठीच, म्हणजे रासायनिक प्रक्रिया संगणकावर करून बघण्यासाठीच आहे. स्पोकन ट्युटोरियल या संकेतस्थळावर अनेक विषयांचे धडे मराठीतही आहेत. फ्रीकॅड हे मोफत कॅड सॉफ्टवेअर कुणालाही वापरता येतं. मी सध्या यावरच शिकतोय, आणि प्रत्येक मॉडेलचं उत्तर आधी वहीत काढतो.

ज्यांनी पैसे भरून झालेत त्यांनी आधी कागद जमवा: जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, फोनची रेकॉर्डिंग, बँकेचं स्टेटमेंट. कोचिंगच्या जाहिरातींबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यात नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायला मनाई आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. क्लासला भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं दाखल शुल्क लागत नाही. कर्जाची तक्रार आधी त्या वित्तसंस्थेकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार चालू आहे म्हणून हप्ते परस्पर थांबवू नका, सिबिल बाबांचं बिघडतं.

आमच्या बॅचने एकत्र येऊन आयोगाकडे अर्ज केलाय आणि वित्तसंस्थेलाही लेखी कळवलंय. क्लासने काही मुलांना एकेकटं बोलावून, ‘पुढची तक्रार नाही’ असं लिहून घेऊन थोडे पैसे परत देऊ केले. तुम्हालाही असा निरोप आला तर एकटे जाऊ नका, आणि पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.